चेंबरचे बोल्ट मोजा : जुन्या ट्रकचा गिअरबॉक्स कसा ओळखायचा

वाचनपाठ, पातळी ५ (मोठ्या विद्यार्थ्यांसाठी)

वाचण्याआधी : तुमच्या घरातली गाडी ऑटोमॅटिक आहे का? भारतात आजोबा किंवा काका चालवतात ती कशी आहे? गिअर बदलताना डावा पाय काय करतो, हे घरी कुणाला तरी विचारून या. पाठ वाचताना त्याचा उपयोग होईल.

पाठ

आधी एका शब्दाबद्दल बोलू. महाराष्ट्रात 'ट्रक' म्हटलं की डोळ्यांपुढे उभा राहतो तो मागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहिलेला, उसाने किंवा कांद्याने भरलेला मोठा ट्रक. अमेरिकेत मात्र शेजारचे काका 'माझा ट्रक' म्हणतात तेव्हा ते पिकअपबद्दल बोलत असतात : पुढे दोन-तीन माणसांची केबिन आणि मागे उघडा हौदा. या पाठातला ट्रक असाच आहे. १९७९ सालची शेवरोलेची सी-१० पिकअप, आठ सिलिंडरचं ३५० इंजिन, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. १९७३ ते १९८७ या काळातल्या या चौकोनी चेहऱ्याच्या पिकअप अमेरिकेत अजूनही खूप दिसतात. इंजिन साधं, जागा भरपूर, सुटे भाग सगळीकडे मिळतात. म्हणून शिकायला उत्तम.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये क्लचचं पेडल नसतं. मग गाडी सिग्नलला उभी असताना इंजिन बंद का पडत नाही? दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा. एक चालू करा. दुसऱ्याची वायर काढलेली असली तरी समोरच्या वाऱ्याने तोही हळूहळू फिरायला लागतो. त्याला हाताने धरून थांबवलंत तरी पहिला पंखा फिरतच राहतो. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये असेच दोन पंखे असतात, फक्त वाऱ्याच्या जागी तेल असतं. या डब्याला 'टॉर्क कन्व्हर्टर' म्हणतात. त्याच्या मागे गिअर, आणि सगळ्यात खाली तेल साठवणारा पत्र्याचा उथळ ट्रे. आपल्याकडचे मेकॅनिक त्याला 'चेंबर' म्हणतात. या पाठात आपण तोच शब्द वापरू.

जनरल मोटर्सने अशी पहिली मोठी यशस्वी यंत्रणा, 'हायड्रामॅटिक', १९४० च्या ओल्डस्मोबाईल गाड्यांसाठी आणली. पुढे ती इतकी खपली की लिंकन, नॅश, हडसन अशा दुसऱ्या कंपन्याही हाच गिअरबॉक्स जनरल मोटर्सकडून विकत घेऊ लागल्या. आणि मग १२ ऑगस्ट १९५३ रोजी मिशिगनमधल्या लिव्होनिया गावात हायड्रामॅटिकच्या कारखान्याला आग लागली. वर टॉर्चने काम चालू होतं, ठिणगी तेलात पडली, आणि अख्खा कारखाना गेला. गाड्या तयार, पण गिअरबॉक्स नाही! मग कंपनीने काय केलं? कॅडिलॅक आणि ओल्डस्मोबाईलच्या काही गाड्यांना ब्यूकचा 'डायनाफ्लो' बसवला, पॉन्टिअॅकच्या काही गाड्यांना शेवरोलेचा 'पॉवरग्लाइड'. दरम्यान विलो रन इथला एक प्रचंड कारखाना मिळवून हायड्रामॅटिकचं उत्पादन पुन्हा सुरू केलं. दुसऱ्या महायुद्धात फोर्डने याच जागेत बी-२४ बॉम्बर विमानं बनवली होती. म्हणजे एका गाडीत दुसरीचा गिअरबॉक्स बसवण्याचा उद्योग फक्त हौशी लोकांचा नाही. वेळ आल्यावर खुद्द कंपनीनेही तो केला.

आता आपल्या सी-१० कडे वळू. तिच्यात मुळात 'टर्बो हायड्रामॅटिक ३५०' हा तीन गिअरचा बॉक्स आहे. (इंजिनही ३५० आणि गिअरबॉक्सही ३५०! या दोन आकड्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. इंजिनचा ३५० हा घनइंचांचा आकडा, गिअरबॉक्सचा ३५० हे नुसतं नाव. दुकानात 'थ्री फिफ्टी पाहिजे' म्हणालात तर समोरचा विचारणारच, कुठला?) हा बॉक्स मजबूत आहे, पण त्याचा तिसरा गिअर म्हणजे १.०० : इंजिन जितकं फिरतं तितकाच मागचा शाफ्ट फिरतो. हायवेवर इंजिन सतत ओरडत राहतं. १९८२ मध्ये कंपनीने '७००आर४' हा चार गिअरचा बॉक्स आणला. त्याचा चौथा गिअर ०.७० चा, म्हणजे ओव्हरड्राइव्ह.

याने किती फरक पडतो? वहीत मांडा. ताशी मैल × मागच्या अॅक्सलचं प्रमाण × गिअरचं प्रमाण × ३३६, आणि आलेल्या उत्तराला चाकाच्या इंचातल्या व्यासाने भागायचं. वेग ६५ मैल, अॅक्सल ३.७३, चाक २८ इंची धरा. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनचे मिनिटाला साधारण २,९१० फेरे होतात. ओव्हरड्राइव्हमध्ये तेच २,०४० च्या आसपास येतात. (३३६ कुठून आला? एका मैलात ६३,३६० इंच. त्याला ६० ने आणि पायने भागा.) शिवाय ७००आर४ चा पहिला गिअर ३.०६ चा आहे, जुन्या बॉक्सचा २.५२ चा. म्हणजे सुटताना ओढ सुमारे २१ टक्के जास्त. पेट्रोल वाचतं, आवाज कमी होतो, भरलेला हौदा चढावर लवकर हलतो. म्हणून हा बदल इतके लोक करतात.

पण जुना गिअरबॉक्स आणायला आपण जंकयार्डात जातो तेव्हा खरा पेच सुरू होतो. तिथे रांगेने पडलेल्या गाड्यांखाली जे लटकत असतं, ते काय आहे हे कुणी लिहून ठेवलेलं नसतं. असलं तरी विश्वास ठेवू नका. चाळीस वर्षांत कुणी काय बदललं असेल, कुणास ठाऊक. खालचा संवाद वाचा. मामा आणि त्याची सोळा वर्षांची भाची जंकयार्डात आले आहेत. भाची गाडीखाली आडवी झाली आहे, मामा बाहेर टॉर्च धरून उभा आहे.

भाची : मामा, चेंबरला तेराच बोल्ट आहेत. आपल्याच बॉक्ससारखा.

मामा : तेरा म्हणजे ३५० असेल नाहीतर ४००. दोघांनाही तेराच. आकार सांग.

भाची : चौकोनी. पण एक कोपरा कापलाय.

मामा : मग तो ३५०. चारशेचं चेंबर वेडंवाकडं, एका बाजूला फुगलेलं असतं. सोड तो. आपल्याकडे आहेच तसला. पुढची बघू.

(पुढची गाडी, लहान एस-१० पिकअप.)

भाची : मामा, सोळा! सोळा बोल्ट! ७००आर४! घेऊन टाकूया?

मामा : थांब गं, उड्या मारू नकोस. सोळा बोल्ट ४एल६०ई ला पण असतात, २००-४आर ला पण असतात. उजव्या बाजूला मोठा गोल प्लग दिसतोय का? जाडजूड वायरींचा?

भाची : नाही. उजवीकडे एक केबल जातेय वर, इंजिनकडे. डावीकडे छोटा चौकोनी प्लग आहे.

मामा : छान. म्हणजे कॉम्प्युटरवाला नाही. आता बाहेर ये आणि बॉनेट उघड. इंजिन कुठलं आहे?

भाची : व्ही-६. स्टिकरवर २.८ लिटर लिहिलंय.

मामा : मग हा पण सोडायचा.

भाची : का पण? बॉक्स तर तोच आहे ना!

मामा : बॉक्स तोच, तोंड वेगळं. हे बघ, इंजिनला चिकटतं ते घंटेसारखं तोंड. २.८ व्ही-६ च्या इंजिनची भोकं वेगळ्या जागी असतात. आपल्या इंजिनला हा लागणारच नाही. हेच ४.३ व्ही-६ असतं ना, तर लागला असता.

भाची : अरे देवा. म्हणजे गाडीखाली शिरायच्या आधी बॉनेट उघडायचं.

मामा : आता कसं बोललीस!

या घंटेच्या तोंडाबद्दल अजून थोडं. शेवरोलेच्या लहान व्ही-८, मोठ्या व्ही-८ आणि सरळ सहा सिलिंडरच्या इंजिनांची भोकं एकाच नमुन्याची आहेत. ब्यूक, ओल्डस्मोबाईल आणि पॉन्टिअॅक या तिघांचा नमुना दुसरा. गंमत म्हणजे टर्बो ३५० दोन्ही नमुन्यांत बनला. फोर्डमध्ये हा घोळ आणखी मोठा आहे. फोर्डचा 'सी-६' बॉक्स घ्या : त्याचं तोंड वेगळं सुटत नाही, सबंध कवचाबरोबरच ओतलेलं असतं. ४६० इंजिनमागचा सी-६ काढून तुम्ही ३०२ इंजिनला लावू शकत नाही, कारण दोघांचे नमुने निराळे. नाव एक, घराणं वेगळं. त्यामुळे 'हा बॉक्स माझ्या ट्रकला चालेल का?' या प्रश्नाला गाडीचं मॉडेल सांगून उत्तर मिळत नाही. इंजिन सांगावं लागतं.

कागदाची मदतही होते. जनरल मोटर्सच्या बऱ्याच ट्रकमध्ये ग्लोव्ह बॉक्सच्या आत तीन-तीन अक्षरांच्या कोडचं एक स्टिकर असतं. एमडी८ म्हणजे ७००आर४, एम३० म्हणजे ४एल६०ई, एमटी१ म्हणजे जड कामाचा ४एल८०ई. फोर्डच्या ट्रकला दाराच्या चौकटीजवळच्या स्टिकरवर 'टीआर' असं लिहिलेला रकाना असतो, त्यात गिअरबॉक्सचं अक्षर. पण ही स्टिकरं गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा तिच्यात काय होतं एवढंच सांगतात. आज खाली काय लटकलंय ते चेंबरच सांगतं. दोन्ही जुळले तर पुढे जा. माझ्या मते स्टिकर वाचून पैसे देणाऱ्यांपेक्षा बोल्ट मोजून देणारे कमी फसतात.

मामा-भाचीला शेवटी १९८९ ची, फक्त मागची चाकं फिरणारी सबर्बन सापडली. ३५० इंजिन, ७००आर४. 'फक्त मागची चाकं' हे महत्त्वाचं : चारही चाकं फिरणाऱ्या गाडीच्या गिअरबॉक्सचं शेपूट वेगळं असतं, कारण त्याच्या मागे ट्रान्सफर केस जोडलेली असते. तो बॉक्स सरळ उचलून साध्या पिकअपला बसत नाही. मामाने डिपस्टिक काढून तेल कागदावर टिपलं. लालसर निघालं, जळका वास नव्हता. तपकिरी, जळकट तेल किंवा चेंबरमध्ये धातूची चमक दिसली असती, तर त्याने तो बॉक्स फुकटही घेतला नसता.

आता बसवताना काय जुळतं आणि काय नाही ते बघू. मागच्या शाफ्टला जोडणाऱ्या टोकावर खाचा असतात. त्या टर्बो ३५० ला २७ आणि ७००आर४ लाही २७. म्हणून शाफ्टच्या पुढच्या टोकाचं जुनं योकच चालतं. (टर्बो ४०० ला ३२ खाचा, तिथे योक बदलावं लागतं.) लांबी मात्र जुळत नाही. सहा इंची शेपटाचा टर्बो ३५० साधारण २७ पूर्णांक ३/४ इंच लांब, तर ७००आर४ पावणेएकतीस. म्हणजे प्रोपेलर शाफ्ट सुमारे तीन इंच कापून घ्यावा लागतो, आणि गिअरबॉक्सला खालून आधार देणारी आडवी पट्टी साधारण दोन इंच मागे सरकवावी लागते. तुमच्या ट्रकात नऊ इंची शेपटाचा ३५० असेल, तर नशीबच : लांबी जवळपास सारखीच येते, शाफ्ट कापायची गरज सहसा पडत नाही. म्हणून शाफ्ट कापायला देण्याआधी टेप लावून स्वतः मोजा. कुणाच्या सांगण्यावर कापलेला शाफ्ट परत लांब होत नाही.

इंजिनमागच्या दातेरी चकतीकडेही, म्हणजे फ्लेक्सप्लेटकडेही, लक्ष द्या. शेवरोलेच्या लहान व्ही-८ ला १५३ किंवा १६८ दातांची चकती असते, आणि स्टार्टर तिला जुळणारा लागतो. १९८६ पासून या इंजिनच्या मागच्या ऑइल सीलची रचना बदलली, त्यामुळे सबर्बनची चकती १९७९ च्या इंजिनला बसत नाही. जुनी आपलीच ठेवायची. टॉर्क कन्व्हर्टर मात्र त्या बॉक्सचाच हवा : सुरुवातीच्या ७००आर४ च्या आतल्या शाफ्टला २७ खाचा होत्या, पुढे ३० झाल्या. खाचा न जुळणारा कन्व्हर्टर आत जातच नाही.

बसवताना सगळ्यात जास्त नुकसान कन्व्हर्टरमुळेच होतं. तो पंपाच्या खाचांत पूर्ण आत बसायला हवा. फिरवत-फिरवत ढकलला की दोन-तीनदा 'खट्' असा आवाज येतो. गिअरबॉक्सचं तोंड इंजिनला हाताने टेकलं पाहिजे, आणि तेव्हा कन्व्हर्टर मोकळा फिरला पाहिजे. फट राहिली म्हणून बोल्ट आवळून तोंड ओढून घेतलंत, तर पंप फुटला म्हणून समजा. गाडी सुरू व्हायच्या आधीच.

यानंतर येते ती टीव्ही केबल. नाही, टेलिव्हिजन नव्हे! थ्रॉटल व्हॉल्व्हची केबल. भाचीने गाडीखालून पाहिली तीच. ॲक्सिलरेटर किती दाबला आहे हे ती गिअरबॉक्सला सांगते, आणि त्यावरून आतला तेलाचा दाब कमी-जास्त होतो. टर्बो ३५० लाही अशीच दिसणारी एक केबल असते, पण ती फक्त जोरात दाबल्यावर खालचा गिअर घ्यायला असते. ती तुटली तरी गाडी चालते. ७००आर४ ची केबल चुकीची लावली की दाब कमी पडतो, आतल्या क्लच प्लेटा घसरतात आणि थोड्याच मैलांत जळतात. जुन्या कार्ब्युरेटरच्या दांडीवर ही केबल नेमक्या अंतरावर जोडायला वेगळी पट्टी विकत मिळते. ती स्वस्त असते, गिअरबॉक्स नसतो. केबल नीट लावल्याशिवाय 'जरा कोपऱ्यापर्यंत चालवून बघू' म्हणणाऱ्यांचे कितीतरी चांगले बॉक्स त्या कोपऱ्यावरच संपले आहेत.

१९९३ पासून ट्रकमध्ये येऊ लागलेल्या ४एल६०ई ला ही केबल नाही. तिचं काम कॉम्प्युटर करतो. मग तोच का घेऊ नये? घ्या, पण तुमच्या १९७९ च्या ट्रकात कॉम्प्युटर नाही. वेगळा कंट्रोलर, वायरिंग आणि स्पीडोमीटरची वेगळी सोय, सगळं विकत घ्यावं लागेल. ज्यांना वायरिंग आवडतं त्यांनी जरूर करावं.

बाकी कामं सरळ आहेत. रेडिएटरकडे जाणाऱ्या तेलाच्या नळ्या धुऊन घ्यायच्या, म्हणजे जुन्या बॉक्सचा कचरा नव्यात जात नाही. लॉकअपची एक वायर ब्रेकच्या स्विचमार्फत जोडायची, म्हणजे ब्रेक दाबला की कन्व्हर्टर सुटतो. आणि सुरक्षा : हा डबा सव्वाशे ते दीडशे पौंडांचा असतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या ट्रकखाली कुणीही जायचं नाही. चारही बाजूंना मजबूत घोड्या लावायच्या, खाली जाण्याआधी ट्रक हलवून बघायचा, गिअरबॉक्स त्याच्या खास जॅकवरच उतरवायचा. वय वर्षं सोळा असो की साठ, एकट्याने नाही.

शब्दार्थ

हौदा : पिकअपच्या मागची सामान ठेवायची उघडी जागा.
चेंबर : इंजिनच्या किंवा गिअरबॉक्सच्या तळाचा तेलाचा ट्रे.
घोडी : उचललेली गाडी ज्यावर टेकवून ठेवतात तो लोखंडी आधार. (मामा 'घोडी आण' म्हणाला तर तबेल्यात जाऊ नका.)
खाच : शाफ्टवर किंवा त्याच्या भोकात कोरलेली लांबट चर.
ओढ : भार खेचण्याची ताकद.
पेच : कठीण प्रश्न. 'स्क्रू' या अर्थानेही हा शब्द वापरतात. पाठात कुठला अर्थ आहे?
जळकट : जळल्यासारखा वास किंवा रंग असलेला. असेच शब्द : मळकट, ओलसर, लालसर. आणखी दोन शोधा.

प्रश्न आणि उपक्रम

१. भाचीने तपासलेल्या पहिल्या दोन गाड्यांचे गिअरबॉक्स मामाने का नाकारले? प्रत्येकी एका वाक्यात लिहा.

२. 'थांब गं, उड्या मारू नकोस' हे वाक्य मामा आपल्या वडिलांना कसं म्हणेल? (मामा वडिलांना 'अहो' म्हणतो असं धरा.) भाची बाबांशी जशी बोलते तसंही लिहून बघा.

३. तुमच्या ओळखीच्या एका ट्रकच्या चाकाचा व्यास मोजा. अॅक्सल ३.०८ चं आहे असं धरून ताशी ७० मैलांवर तिसऱ्या गिअरमध्ये आणि ०.७० च्या ओव्हरड्राइव्हमध्ये इंजिनचे फेरे किती होतील, ते काढा.

४. एका विक्रेत्याची जाहिरात : '७००आर४, ब्लेझर फोर-बाय-फोरमधून काढलेला, चेंबर १६ बोल्ट, केबल नाही, मोठा गोल प्लग.' या जाहिरातीत कुठली गोष्ट एकमेकींशी जुळत नाही? तुमच्याकडे साधी १९७९ ची सी-१० आहे. विक्रेत्याला फोन करून विचारायचे चार प्रश्न मराठीत लिहा आणि वर्गात दोघांनी मिळून हा फोन करून दाखवा.